खुर्द्याची साक्ष

नाण्यांवरची मराठी पुस्तके बहुधा सातवाहनांपासून सुरू होतात आणि शिवराईपाशी, फार तर व्हिक्टोरिया राणीच्या रुपयापाशी येऊन थांबतात. त्यानंतर जे काही पाडले गेले त्याची गणना चिल्लरीत होते. नाण्यांच्या प्रदर्शनांतही हाच क्रम दिसतो. काचेखाली होन, मोहरा आणि संस्थानी नाणी असतात. प्रजासत्ताकाची नाणी कोपऱ्यातल्या डब्यात, कोणतेही उचला अशा भावात. हे पुस्तक त्या डब्यातल्या नाण्यांविषयी आहे. नेमके सांगायचे तर, डब्यात जाण्याआधी ती जिथे असतात त्या खिशांविषयी, दुकानातल्या गल्ल्याविषयी आणि कंडक्टरच्या चामडी पिशवीविषयी आहे. हातात आलेली मोड निरखून तीतून नाणी वेचणे हा आपल्याकडे पोरवयाचा उद्योग समजला जातो. ऐपत आली की तो सोडून लिलावांकडे वळायचे, असा रिवाज आहे. हा रिवाज मला चुकीचा वाटतो. चलनातून वेचलेले नाणे हा विकत घेतलेल्या नाण्याहून वेगळ्या जातीचा पुरावा आहे. काही प्रश्नांची उत्तरे तोच देऊ शकतो. शिवाय हा पुरावा एखाद्या दुर्मिळ नगात क्वचितच सापडतो. तो मूठभर सामान्य नाण्यांच्या परस्पर प्रमाणात असतो. पुढची सारी प्रकरणे या एका म्हणण्यावर उभी आहेत, म्हणून ते इथे नीट तपासून घेतले पाहिजे.

प्राचीन नाण्यांच्या बाबतीत हे म्हणणे कोणी नाकारत नाही, ही यातली गंमत. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचे घबाड सापडले. नाणी १३ हजारांहून अधिक, आणि सगळी मुळात क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून ती पुन्हा चालवली होती. असे दोन ठशांचे एकच नाणे हाती आले असते तर त्यावर तर्क लढवता आले असते: कोणा कारागिराची लहर असेल, एखाद्या ठाण्यापुरता प्रकार असेल. ९ हजार नाणी म्हटल्यावर असे तर्क चालत नाहीत. सत्ता बदलली होती आणि नव्या सत्तेने जुने चलन पद्धतशीरपणे आपल्या नावावर करायला घेतले होते, एवढे ते प्रमाण निःसंशय सांगते. उरलेली चारेक हजार नाणी तितकीच बोलकी आहेत. नव्या ठशाची आणि बिनठशाची नाणी एकाच ठेवीत आहेत, म्हणजे साठवणाऱ्याच्या लेखी दोन्ही पैसेच होते. नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख क्षहरात वंशाचा उच्छेद झाल्याचे सांगतो खरा, पण तो विजेत्याच्या आईचा लेख आहे. त्याला दुजोरा मिळाला तो या खुर्द्याकडून. आता कल्पना करा, ते घबाड सापडल्यावर एखाद्या चोखंदळ संग्राहकाने त्यातली सर्वांत स्पष्ट शंभर नाणी निवडली असती आणि बाकीची मोडीत घातली असती. शंभर देखणी नाणी उरली असती आणि इतिहास गेला असता. आजच्या नाण्यांच्या बाबतीत आपण रोज हेच करतो आणि त्याला अभिरुची म्हणतो.

यावर कोणी म्हणेल की दोन हजार वर्षांपूर्वीच्या घबाडाशी आजच्या चिल्लरीची बरोबरी कशी करता? तेव्हा लेखी नोंदी नव्हत्या म्हणून नाण्यांना विचारावे लागले. हा आक्षेप वजनदार आहे. पण चालू चिल्लर आणि प्राचीन नाणी यांना जोडणारा पूल गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहिलेल्या एका गणितज्ञाने ऐंशी वर्षांपूर्वीच बांधून ठेवला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९४० च्या दशकाच्या आरंभी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. तक्षशिलेच्या घबाडांतल्या आहत नाण्यांचा कालक्रम लावायचा होता. या नाण्यांवर राजाचे नाव नाही की साल नाही. आहेत त्या केवळ ठोकलेल्या खुणा. कोसंबींनी तराजू हाती घेतला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एखादे विशिष्ट नाणे किती झिजेल ते सांगता येत नाही, पण पुरेशी नाणी एकत्र तोलली तर दोन गोष्टी दिसतात: चलनातला काळ वाढेल तसे सरासरी वजन उतरत जाते आणि वजनांमधली तफावत रुंदावत जाते. हे तत्त्व खरे ठरते की नाही, हे त्यांनी आपल्या काळातली चालू नाणी तोलून पारखले आणि मग तेच माप तक्षशिलेच्या नाण्यांना लावले. मागच्या बाजूवरच्या बारीक खुणांची संख्या वाढते तसे सरासरी वजन घटते, असे तिथे आढळले. खुणा काळाबरोबर वाढत गेल्या होत्या. थोडक्यात, मौर्यकाळाची किल्ली त्यांना पुण्याच्या बाजारातल्या मोडीत मिळाली. कोरी करकरीत, पाकीटबंद नाणी या कामाला निरुपयोगी होती. ज्यांना बाजार खराब म्हणून बाजूला सारतो तीच कामाची होती.

लेखी नोंदींचा मुद्दा मात्र अजून उरतोच. आज नाणी किती आहेत हे रिझर्व्ह बँक दरवर्षी आपल्या अहवालात छापते. अहवालातला तो तक्ता पाहिला तर आकडे दर्शनी मूल्यानुसार असतात: रुपयाची इतकी, दोनची इतकी, पाचची इतकी. यापुढे प्रश्न विचारला की तक्ता गप्प होतो. रुपयाच्या इतक्या नाण्यांत १९९० च्या दशकातली किती उरली? २००४ ते २००६ या काळातली, एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची, जिच्यावर क्रूसाचा भास होतो म्हणून गदारोळ झाला ती किती? त्यानंतर २००७ पासून आलेली हस्तमुद्रांची किती? कोणती माणसांच्या हातात फिरताहेत आणि कोणती देवळाच्या पेटीत किंवा मातीच्या गल्ल्यात पडून आहेत? हिशेबासाठी रुपया हा रुपयाच असतो. त्याच्या अंगावर काय आहे याच्याशी हिशेबाला कर्तव्य नाही, आणि ते योग्यही आहे. पण चलनाचा इतिहास म्हणजे तरी दुसरे काय? टांकसाळ सांगेल काय पाडले ते. बँक सांगेल काय वाटले ते. त्या नाण्यांचे लोकांनी काय केले हे कळायला लोकांच्या खिशात डोकवावे लागते.

आणि अंगावर असते बरेच काही. सालाच्या खाली नजर न्या. बर्फीच्या आकाराची बारीक चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर १८२९ पासून उभ्या असलेल्या इमारतीतले. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे. गोल ठिपका असेल तर नोएडाचे. ही टांकसाळ चारांत सर्वांत तरुण, १९८८ सालची. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. देशातल्या टांकसाळींनाही मागणी पुरवेना तेव्हा सरकारने परदेशांतून नाणी पाडून घेतली. १९८५ च्या रुपयावर सालाजवळ इंग्रजी एच दिसला तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्लोव्हाकियातल्या क्रेम्निकाला, मेक्सिकोला आणि मॉस्कोलाही आपली नाणी पाडली गेली, आणि त्या त्या खुणा घेऊन ती इथल्या भाजीबाजारात फिरली. सुट्ट्यांऐवजी दुकानदार हातावर गोळी किंवा चॉकलेट टेकवायचा तो हाच काळ, हे अनेकांच्या ध्यानात असेल. टंचाईची ती तक्रार आणि मॉस्कोची ती खूण एकाच कहाणीचे दोन पुरावे आहेत. तक्रार विरून गेली, खूण अजून हाताला लागू शकते.

आता एक प्रयोग, ज्याला मूठभर मोड आणि सोनारकामाचा छोटा काटा यापलीकडे काही लागत नाही. १९९२ पासून निघालेले पोलादी रुपयाचे नाणे घ्या, दोन्ही बाजूंना कणसे आणि मधे आकडा असलेले. व्यास २५ मिलिमीटर, वजन ४.८५ ग्रॅम. त्याच्यावर २०११ पासूनच्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे ठेवा. कडेला कड जुळते. काट्यावर वजनही तेच. मग २०११ च्या मालिकेतला रुपया घ्या आणि १९८८ पासूनच्या पोलादी पन्नास पैशांवर ठेवा. दोन्ही सुमारे २२ मिलिमीटर, दोन्ही ३.७९ ग्रॅम. म्हणजे २०११ साली दोन रुपयांनी जुन्या रुपयाचे अंग घेतले आणि रुपयाने जुन्या आठ आण्यांचे. त्याच वर्षी ३० जूनला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून कायमची बाद झाली, हे लक्षात घेतले की चित्र पुरे होते: खालची पायरी काढून घेतली आणि वरच्या प्रत्येकाला एकेक पायरी उतरवले. रुपयाची उतरंड मागे नेली तर १९६२ चा निकेलचा रुपया १० ग्रॅमचा होता, १९७५ चा तांबे-निकेलचा ८ ग्रॅमचा, १९८३ पासूनचा ६ ग्रॅमचा. महागाईचे आलेख अर्थशास्त्राच्या पुस्तकांत भरपूर मिळतात, पण इथे तोच आलेख तळहातावर मावतो. हा फरक केवळ शोभेचाही नाही. ज्यांना दिसत नाही अशी माणसे नाणी ओळखतात ती आकार, कड आणि वजन यांवरून. जुना रुपया आणि नवे दोन रुपये एकाच बाजारात फिरत असताना त्यांच्या बोटांनी काय करायचे? २०२२ सालच्या मालिकेबाबत दृष्टिहीनांना ओळखता येण्यावर भर दिल्याचे सांगितले गेले. त्यामागची गरज कुठून आली हे समजायला ही दोन नाणी पुरेत.

मोडीत काय सापडते याइतकेच, काय सापडत नाही हेही मोजण्यासारखे असते. १९८० च्या दशकातला सहा ग्रॅमचा तांबे-निकेलचा रुपया आज हाती येणे कठीण. त्यावर बंदी आलेली नाही. कायद्याने तो अजून रुपयाच आहे. पण बँकेत जमा झालेली अशी जुनी नाणी पुन्हा वाटायची नाहीत, टांकसाळीकडे परत पाठवायची, असे धोरण आहे. चाळणीचे एक भोक हे. दुसरे भोक बाजाराने पाडलेले. धातूची किंमत दर्शनी मूल्याच्या वर गेली की नाणे नाणे म्हणून राहायला तयार नसते. २००७ च्या सुमारास कोलकात्यात सुट्ट्यांची टंचाई झाली तेव्हा, नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती केली जातात, अशा बातम्या परदेशी माध्यमांतही झळकल्या. पाच रुपयांचे जाडजूड तांबे-निकेलचे नाणे ९ ग्रॅमचे होते, ते पोलादी होताना ६ ग्रॅमवर आले, तेही याच वर्षाच्या नाण्यापासून. २०१८ साली माहिती अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरात एक रुपयाचे नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे पडतात असे नमूद होते. कोणते नाणे टिकणार आणि कोणते नाहीसे होणार हे अशा आकड्यांवर ठरते. खिशात लोहचुंबक धरून पाहा: पोलादी नाणी चिकटतील, तांबे-निकेलची चिकटणार नाहीत. आजच्या मुठीतली जवळजवळ सगळी चिकटली, तर गेल्या तीस वर्षांत काय घडले ते वेगळे सांगायला नको.

तिसरी चाळणी लोकांच्या मनाची, आणि मला स्वतःला ती सर्वांत रोचक वाटते. १९९९ साली दोन रुपयांच्या नाण्यावर छत्रपती शिवाजी महाराज आले आणि रुपयाच्या नाण्यावर संत ज्ञानेश्वर. २००२ साली रुपयावर तुकोबा. २००७ च्या पाच रुपयांवर लोकमान्य टिळक. ही नाणी खर्चण्यासाठी पाडली गेली होती. पण ज्ञानोबांचा रुपया हाती आल्यावर तो पानवाल्याला देणारा आणि देव्हाऱ्यात ठेवणारा अशी दोन माणसे असतात, आणि आपल्याकडे दुसऱ्याची संख्या कमी नाही. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या नाण्यांचे देशभर तेच झाले. उलट अन्नदिन, लघुशेतकरी, आंतर-संसदीय संघ अशा विषयांची नाणी निमूट फिरत राहिली, कारण त्यांना ओवाळणारे कोणी नव्हते. याहून उलटे उदाहरण दहा रुपयांच्या दुरंगी नाण्याचे. त्याच्या निरनिराळ्या रचना निघाल्या, काहींवर रुपयाचे नवे चिन्ह होते आणि काहींवर नव्हते, एवढ्यावरून खोट्या नाण्याची आवई उठली. दुकानदार घेईनात, बँका ताटकळवू लागल्या, आणि अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावे लागले की दहाच्या नाण्याच्या चौदा रचना आहेत आणि चौदाही वैध आहेत. एक नाणे भक्तीमुळे चलनातून गेले, दुसरे संशयामुळे अडले. दोन्ही ठिकाणी टांकसाळीने पाडलेले आकडे जसेच्या तसे राहिले. बदल झाला तो खिशात, आणि त्याची नोंद खिशातच होऊ शकते.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वाधिक ऐकू येणारा: कोट्यवधींनी पाडलेल्या नाण्यात दुर्मिळ ते काय, आणि दुर्मिळ नसेल तर किंमत कसली? याला माझे सरळ उत्तर असे की बहुतेकांना किंमत नाही, आणि ज्यांना ती हवी त्यांनी हे पुस्तक इथेच मिटावे. वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख, ट्रॅक्टरच्या नोटेला पाच लाख अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात. त्यांना भुलून माणसे नोंदणी शुल्क, कर, दलाली म्हणून पदरचे पैसे भरून बसतात. काही लोक रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून हे करतात असे आढळल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर इशारा दिला: अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कोणतेही शुल्क मागत नाही. या विषयावर याहून जास्त शाई खर्च करण्याची गरज नाही. फक्त एवढे खरे की काही खुणा, काही साले आणि ठसा सरकलेली किंवा एकाच बाजूचा ठसा दोन्हीकडे उलटसुलट उमटलेली नाणी यांना संग्राहक दर्शनी मूल्याहून जास्त देतात. त्यांचे प्रकरण पुढे आहे, आणि ते मुद्दाम छोटे ठेवले आहे.

दुसरा आक्षेप या पुस्तकाच्या मुळावर येणारा आहे. एका माणसाचा खिसा म्हणजे चलन नव्हे. दादरला राहणाऱ्याच्या हाती मुंबईची बर्फी जास्त येणार, नागपुरातल्या माणसाची मोड वेगळी असणार, सीमेवरच्या सोलापुरात आणखी निराळी. शिवाय वेचणारा माणूस चमकदार आणि अनोळखी नाणी आधी पाहतो, झिजलेली टाळतो. अशा मुठींवरून प्रमाण काढणे म्हणजे हवेत इमले बांधणे. हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि म्हणूनच या पुस्तकात वेचण्यापेक्षा मोजण्यावर भर आहे. झुकाव असलेला पुरावा टाकाऊ ठरत नाही, त्याचा झुकाव माहीत असावा लागतो. जोगळटेंभीचे घबाडही एका माणसाची निवड होती. त्याने खराब नाणी टाळली असतील, जड नाणी राखली असतील. तरी त्यातून इतिहास निघाला, कारण सगळे घबाड एकत्र राहिले आणि ते कुठे सापडले हे माहीत होते. मुठीच्या बाबतीत हे पथ्य असे पाळायचे: निवडण्याआधी सगळी मूठ मोजायची, कंटाळवाणी नाणीही मांडायची, ठिकाण आणि तारीख लिहायची. दादरच्या मुठीत बर्फी जास्त आली तर तो दोष नाही. टांकसाळीतून निघालेली नाणी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांतून, बँकांच्या तिजोऱ्यांतून, दुकानांतून किती दूर आणि किती सावकाश पसरतात याचेच ते माप आहे. हैदराबादचा तारा नागपुरात, सोलापुरात आणि रत्नागिरीत किती प्रमाणात भेटतो, हे तिघांनी तीन गावांत इमानाने मोजले तर असे काही हाती येईल जे कोणत्याही अहवालात छापलेले नाही. एकट्याच्या खिशाची मर्यादा दहा खिशांनी बरीच कमी होते, आणि हा छंद असा आहे की त्यात दहाव्या माणसाला पहिल्याइतकेच काम उरते.

काहींना नैतिक शंका येते. आधीच सुट्ट्यांची मारामार, त्यात तुम्ही नाणी अडवून ठेवणार! साठेबाजीला माझाही विरोध आहे. पण पाहणे आणि अडवणे यांत फरक आहे. शंभर नाणी पाहून अठ्ठ्याण्णव परत फिरवणारा माणूस चलनाला इजा करत नाही; चॉकलेटे वाटणारे आणि मातीचे गल्ले वर्षानुवर्षे न फोडणारे त्याच्याहून पुष्कळ नाणी थोपवून धरतात. कायद्याच्या दृष्टीने नाणे जवळ ठेवणे गुन्हा नाही. ते वितळवणे किंवा नष्ट करणे हा २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. उलट बाजूने त्याच कायद्याने, रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर देणे म्हणून देता येतात, आणि पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत. तेव्हा मोजून झालेली पिशवीभर नाणी वाण्याच्या माथी मारताना त्याचा नकार ऐकायची तयारी ठेवावी. तो प्रत्येक वेळी अडाणीपणा नसतो.

झिजलेल्या नाण्यांपेक्षा कोरी नाणी अभ्यासाला बरी, असेही सांगितले जाते. ठशांचा अभ्यास करायचा असेल तर ते खरे आहे. ठशाला गेलेला तडा, अक्षराचे दुहेरी उमटणे, एक बाजू दुसरीच्या मानाने फिरलेली असणे, हे कोऱ्या नाण्यावर स्वच्छ दिसते आणि अशा कामासाठी बँकेची मोहोरबंद पिशवी मिळाली तर सोन्याहून पिवळे. तरी ठशाचा अभ्यास टांकसाळीपाशी थांबतो. टांकसाळीच्या दारातून बाहेर पडल्यावरची वीस-तीस वर्षे नाण्याच्या पृष्ठभागावर लिहिलेली असतात. नकाशा असलेले अकरा कोनांचे दोन रुपये पाहा. आधी कोन बोथट होतात, मग नकाशातल्या झेंड्याच्या रेघा मिटतात, नकाशाची किनार त्यानंतर जाते आणि आकडा सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. कोनांची ही झीज पाहून, साल न वाचता, नाणे किती फिरले याचा अंदाज बांधता येतो. मग साल वाचायचे. जुन्या सालाचे नाणे कमी झिजलेले निघाले तर ते मधली वर्षे कुठेतरी पडून होते. चलनात नाण्यांचे दोन वर्ग असतात, सतत पळणारी आणि झोपलेली, हे कोऱ्या नाण्यांच्या ढिगातून कधीच कळणार नाही.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे. २०१६ पासून यूपीआय आले. भाजीवाल्यापासून देवळाच्या दानपेटीपर्यंत क्यूआर चिकटला आहे. खिशात मोडच उरली नाही तर शोधणार कशात? या आक्षेपात खंत असली तरी तर्क कच्चा आहे. नाण्यांचे फिरणे मंदावले म्हणजे नाणी संपली असे होत नाही. ती जिथे थबकली तिथे साठत राहिली आहेत आणि अजून चालू असलेल्या मोजक्या वाटांवर दाटीने फिरताहेत: एसटीत, चहाच्या टपरीवर, फुलवाल्याकडे, लग्नाकार्यात पाकिटावर चिकटवलेल्या वरच्या एका रुपयात. दशमान पद्धती १ एप्रिल १९५७ ला आली तेव्हा आणे आणि नये पैसे काही वर्षे एकत्र चालले. त्या संक्रमणात लोकांच्या मुठीत दोन्हींचे प्रमाण महिन्यागणिक कसे सरकले हे तेव्हा कोणी मोजून ठेवले असते तर आज ती वही सोन्याच्या मोलाची ठरली असती. आपण तशाच एका संक्रमणात उभे आहोत, फक्त या वेळी नव्या बाजूला नाणे नाही. पन्नास पैशांची अवस्था बघा: कायद्याने वैध, व्यवहारात कोणी घेत नाही. असे नाणे मरते तेव्हा सरकारी तारखेच्या किती आधी मरते, आणि शहरात आधी की गावात, हे प्रश्न आज विचारता येतात. रुपयाच्या नाण्याबाबत ते पुढे विचारावे लागतील.

पुस्तकाची मांडणी या धोरणाने केली आहे. आधी मालिका आणि त्यांची मापे, मग टांकसाळींच्या खुणा, मग स्मारक नाणी, मग झीज, आणि शेवटी वर म्हटलेले चुकीच्या ठशांचे छोटे प्रकरण. परिशिष्टात कोऱ्या नोंदपत्रकाचा नमुना दिला आहे. त्यात रकाने सहाच: तारीख, ठिकाण, मोड कुठून मिळाली, मूल्य, साल आणि खूण. सातवा रकाना झिजेच्या श्रेणीसाठी ठेवता आला असता. पण श्रेणी ठरवताना दोन माणसांचे एकमत क्वचित होते, म्हणून त्याजागी शक्य असेल त्यांनी वजन लिहावे, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. कमीत कमी शंभर नाण्यांची मूठ झाल्याशिवाय पत्रक पूर्ण समजू नये, आणि शंभरात एकही लक्षवेधी नाणे निघाले नाही तर ते पत्रक फाडू तर मुळीच नये.